काळा बर्फ

मिरजेच्या रद्दीवाल्याकडं सापडलं कॅलेंडर,
सहा वर्षांमागचं.
तारखा सगळ्या खर्ची पडलेल्या,
बारा चित्रं तेवढी शिल्लक.
दहा म्हणाला, आठला दिलं.

आटपाडीच्या पुढं, माळावरच्या शाळेत
मी ती भिंतीला लावली.
म्हटलं, ही इन्युइट लोकांची चित्रं.
दगडावर कोरायचं, शाई लावायची, वर कागद दाबायचा.
"कुठं ऱ्हात्यात?"
जिथं वर्षाचा बराचसा काळ बर्फ असतो तिथं.
"मग मेंढरं काय खात्यात?"
मेंढरं नसतात म्हटल्यावर
वर्ग गप्प झाला,
कुणाच्या तरी घरी भेटायला गेल्यासारखा.

दगड आमच्याकडं गाडीभर, छिन्नी एकच,
ती पण पाट्याला टाकी लावणाऱ्या आजोबांची.
म्हणून म्हटलं, घरातली फाटकी घोंगडी आणा.
आली. उंदरानं कुरतडलेली, ठिणग्यांनी भोकं पडलेली,
एकीत वाळकी लेंडी.
दाभण, सुतळी, चिंचोक्याची खळ.
वर्गाला भिजल्या कळपाचा वास सुटला
तो पुढं आठवडाभर गणितातही होता.

पहिली अडचण बर्फाची.
लोकर काळी, घोंगडं काळं, माळावरचं मेंढरू काळं.
मी पांढरा कागद कापायला घेतला
तर बिरू गडदे म्हणाला,
"बाई, रातचा बर्फ काळाच दिसत असंल की."
तिथं कितीतरी आठवडे सूर्य उगवतच नाही
हे मी त्याला अजून सांगितलं नव्हतं.
कात्री खाली ठेवली.

टोपडीत मूल घेऊन चाललेल्या बाईचं चित्र
कुणाला समजवावं लागलं नाही.
"खोळ हाय ती. आय आसंच घेती."

बर्फातल्या भोकाशी वाकलेला माणूस, भाला उगारलेला.
सील श्वासाला वर येईल म्हणून थांबलाय, मी सांगितलं.
लिंबाजी बराच वेळ बघत राहिला.
"बोअर मारताना आण्णा आसाच हुबा हुता.
साडेतीनशे फुटापस्तोर."
त्यानं आपल्या माणसाचा भाला उसवला,
हात मोकळे ठेवले,
मान तेवढी आणखी वाकवली.

चित्रांच्या कोपऱ्यात बारीक खुणा होत्या,
त्रिकोण, आकडे, उलटा पडलेला विळा.
ती त्यांची लिपी, चितारणारीचं नाव असणार.
वाचा की, म्हणाली पोरं. मला येईना.
"कानाची खूण हाय," सिदू म्हणाला,
"मेंढरू कळपात चुकलं तर कुणाचं त्ये कळाया."
मग प्रत्येकानं आधी तिची खूण टाचली,
नंतर बाजूला आपल्या घरची.
हे मी शिकवलं नव्हतं.

मायाक्का लेंगरेनं अस्वल घेतलं. नाचणारं.
पांढरं पाहिजे म्हणून अडून बसली.
तिच्या एका मेंढीच्या कपाळावर चांदी होती,
चार बोटं रुंद.
रोज थोडी कातरून आणायची,
चिमटीत धरून, अंगारा आणावा तशी.
डोकं झालं. एक पंजा झाला.
दिवाळी सरली आणि वाडा हलला
खाली वाळव्याकडं, उसाच्या रानात.
अर्धं अस्वल घोड्यावरच्या बिऱ्हाडात गेलं.

बाकीची अकरा आम्ही भिंतीवर टांगली.
केंद्रप्रमुख आले, लांबून म्हणाले,
छान, पण जरा अंधारच झालाय.
बाराव्या खिळ्याबद्दल विचारलं.
मी म्हटलं, तो चरायला गेलाय.

जूनमध्ये मायाक्का आली, बोटभर उंच होऊन.
अस्वल?
"पुसात एक कोकरू झालं, थंडीचं. काकडत हुतं.
त्याच्या अंगावर शिवलं."
मग?
"जगलं."
आणि अस्वल?
तिनं माझ्याकडं असं बघितलं
की मीच काहीतरी चुकीचं विचारलं असावं.
"आता कोकरू मोठ्ठं झालंय, बाई.
फाटलं त्ये."

मधल्या सुट्टीत तिनं हात पुढं केला.
चिमटीत पांढरी लोकर होती,
त्याच कोकराच्या कपाळाची.
खिळा अजून मोकळाच आहे.
दाभण कुठं ठेवलंय ते शोधते आहे.